गजराबाईंच्या वाट्याचं औषध

हिंमतराव त्या दिवशी एकटेच आले, आणि चांदनीला ते लगेच खटकलं.

नंदुरबारमधल्या एका खासगी रुग्णालयात, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. खोलीचा सगळा कारभार चांदनीकडे होता. ती खांडबाऱ्याची. बाजारपेठेत आजोबा उमेदमलजींचं किराणा दुकान, आणि औषधशास्त्र शिकलेली घरातली ती पहिलीच. चाचणीला येणारी माणसं सगळी साठीच्या पुढची. त्यांचं रक्त घ्यायचं, पोटावर यंत्र फिरवून यकृत किती कडक झालंय ते बघायचं, रिकामी बाटली घेऊन भरलेली द्यायची आणि मधल्या काळात काय दुखलंखुपलं ते विचारायचं, असं तिचं काम.

हिंमतराव पाटील शहाद्याकडच्या, तापीकाठच्या सावळपिंप्रीचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, आता केळी आणि ऊस बघत होते. ते नेहमी बायकोला, गजराबाईंना घेऊन यायचे. हिंमतराव आत असले की गजराबाई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. त्या पिशवीत दादर ज्वारीच्या भाकरी असत आणि चांदनीसाठी शेंगदाण्याची वेगळी चटणी असे, लसूण न घातलेली. ही पोरगी कांदा-लसूण खात नाही हे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

आज बाक रिकामा होता.

“आक्का कुठे?” चांदनीनं विचारलं.

घरीच आहे, जरा कसर आलीय अंगात, असं पुटपुटत हिंमतरावांनी रिकामी बाटली टेबलावर ठेवली आणि स्वतःच बाही वर करून बसले.

खरं तर चाचणीसाठी दोघंही आले होते. गावात शिबिर झालं तेव्हा दोघांच्या यकृतात दोष निघाला. हिंमतराव हबकलेच. आयुष्यात दारूला शिवलो नाही आणि लिव्हर खराब निघाली, आता गाव काय म्हणेल, हीच त्यांची पहिली काळजी होती. तेव्हा चाचणीच्या प्रमुख डॉ. चारुलताबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. वय वाढतं तशा यकृतातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात, पण मरत नाहीत. जागा अडवून बसतात आणि शेजारच्या पेशींना चिडवत राहतात. चुलीतली राख वरून गार दिसते आणि आत निखारा धुमसत असतो, तशी ही सूज. ती वर्षानुवर्षं धुमसली की यकृत हळूहळू निबर होत जातं. हे नवं औषध तो निखारा विझवेल का, एवढंच बघायचंय. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

हिंमतराव चाचणीत बसले. गजराबाईंचं यकृत आधीच फार निबर झालेलं होतं. अशा यकृताला हे औषध झेपेल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांना नियमानं वगळावं लागलं. त्या दिवशी हिंमतरावांनी चांदनीपाशी किती वेळ धोशा लावला होता. जिला जास्त झालंय तिलाच औषध नाही, हा कुठला न्याय, एवढं एकच ते फिरवून फिरवून विचारत होते. चांदनीनं नियम सांगितला होता. शेवटी गजराबाईच त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या होत्या.

आज चांदनी रक्त काढत होती तेव्हा हिंमतरावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बघितलाही नाही. पुन्हा वाजला, पुन्हा तसाच वाजू दिला. मग खोलीतला फोन वाजला. पलीकडे त्यांचा मुलगा हेमकांत होता, शहाद्याला शाळेत शिक्षक. वडील फोन उचलत नाहीत म्हणून त्यानं इथे लावला होता. आईला शहाद्याच्या दवाखान्यात दाखल केलंय, डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, सकाळपासून झोपेतच आहे आणि मघाशी सुनेलाही ओळखलं नाही, असं तो भराभर सांगत होता. वडिलांना सांगा आणि ताबडतोब लावून द्या, म्हणाला.

चांदनीनं निरोप सांगितला. हिंमतराव उठतील, घाबरतील असं तिला वाटलं होतं. ते उठले नाहीत. दंडावरचा कापूस दाबत जमिनीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हलक्या आवाजात एक विचित्रच प्रश्न विचारला.

“ताई, ही गोयी दुसरं कोणी खाई टाकी, चुकीसन, तर त्याले काय व्हस?”

चांदनीच्या हातातली रक्ताची नळी तशीच राहिली. बाहेरच्या बाकावर बसून गेलेल्या गजराबाई तिच्या डोळ्यांसमोर आल्या. अलीकडच्या भेटींत त्या किती वाळलेल्या दिसत होत्या, तेही आठवलं.

“आप्पा, तुम्ही आक्कांना गोळ्या दिल्या?”

त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळेना. मग म्हणाले, मी सहज विचारलं. गावात कुणी म्हणत होतं. चांदनीनं दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ओरडलं तर हा माणूस मिटून बसेल हे तिला कळत होतं, आणि वेळ तर अजिबात नव्हता. तिनं त्यांना सांगितलं, की तिकडचे डॉक्टर आत्ता कारण शोधताहेत. आक्कांच्या पोटात काय गेलंय हे त्यांना माहीत नसेल तर ते अंधारात औषध देतील, आणि चुकीचं औषध गेलं तर आज संध्याकाळसुद्धा कठीण होईल. पोलिसांचं, चाचणीचं, नावाचं काय व्हायचं ते नंतर बघू.

हिंमतरावांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. नुसता मुठीत आवळून धरला.

“मी एकबी गोयी खादी नही, पोरी. पहिला दिनपाइन तिलेच दिधी. ती रोज सकाय मन्हासमोर गियस. तिले जास्ती गरज व्हती ना.”

ते पुढेही बोलत होते, पण चांदनी तोवर उभी राहिली होती.

तिनं डॉ. चारुलताबाईंना फोन लावला. बाई धुळ्याला परीक्षक म्हणून गेल्या होत्या. फोन एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, कुणी उचलला नाही. मोबाइल बाहेर ठेवून आत बसल्या असणार. चांदनीनं निरोप टाकला, हिंमतरावांना धरून खाली आणलं आणि आपल्या जुन्या गाडीत बसवलं. शहाद्याला फोनवरून कुणाला तरी अर्धवट सांगण्यापेक्षा स्वतः जाऊन डॉक्टरांसमोर उभं राहायचं, असं तिनं ठरवलं. तरी निघता निघता हेमकांतला फोन करून तिनं एवढं सांगितलंच, की आईंना कुठलंही नवं औषध देण्याआधी डॉक्टरांना थांबायला सांगा, मी येतेय.

गाडी नंदुरबारच्या बाहेर पडेपर्यंत तिच्या फोनवर जिनेशभाईंचं नाव आलं. रुग्णालयाचा कारभार तेच बघायचे. नात्यानं तिच्या आत्याचे दीर, आणि ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली. निघताना खालच्या टेबलावर तिनं दोन शब्दांत कारण सांगितलं होतं, ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. तिनं गाडी बाजूला घेतली.

जिनेशभाई चिडले नव्हते. शांतपणे बोलत होते. ती बाई आपल्या चाचणीत नाही ना, मग ती आपली रुग्णही नाही, असं त्यांचं म्हणणं. तू तिथे जाऊन कशाला सांगतेस? आधी कंपनीशी बोलू, त्यांचे वकील काय म्हणतात ते बघू, उद्या आपल्याला कळवता येईल. तिथे एकदा बोललीस की चाचणी बंद पडलीच म्हणून समज, आणि तुझ्या बाईंचं नावही खराब होईल. म्हातारा घाबरून काहीही बोलतो. त्याला घरी सोड आणि परत ये.

“उद्यापर्यंत त्या राहिल्या नाहीत तर?” चांदनीनं विचारलं.

जिनेशभाई म्हणाले, की मी तुला सांगायचं ते सांगितलं. फोन ठेवला गेला.

शेजारी बसलेल्या हिंमतरावांना सगळं ऐकू गेलं होतं. चांदनीनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आजोबांना काय सांगायचं, नोकरी गेली तर घरात काय होईल, आत्याच्या सासरी काय बोलतील, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम कालवलं जात होतं. पण गाडी काही तिनं वळवली नाही.

तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. गळीत हंगाम जोरात होता. एका ट्रॅक्टरचं चाक निखळून ट्रॉली आडवी झाली होती, आणि अर्धा रस्ता उसाच्या मोळ्यांनी भरला होता. माणसं उतरून बघत उभी होती. चांदनी हॉर्न देत राहिली, त्याचा काही उपयोग नव्हता. हिंमतराव दार उघडून खाली उतरले. या रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टरवाला त्यांना कारखान्याच्या काट्यापासून ओळखत होता. त्यांनी कुणाला काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही, पण चार-पाच जण वाकून मोळ्या ओढायला लागले आणि ते स्वतःही, सत्तरीतला माणूस, धोतराचा सोगा खोचून ऊस बाजूला फेकायला लागले. गाडीपुरती वाट झाली. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या हातांना पाचटानं कापलं होतं.

पूल ओलांडतानाच चारुलताबाईंचा फोन आला.

चांदनीनं सगळं सांगितलं, जिनेशभाईंचं बोलणंही सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्यावर एकच वाक्य बोलल्या. “तू जातेयस ते बरोबर आहे, पुढचं मी बघते.” मग त्या कामाचं बोलायला लागल्या. हिंमतरावांच्या बाटल्यांत खरं औषध होतं की रिकाम्या कॅप्सूल, हे आता उघडून बघावं लागेल. जिवावरचा प्रसंग असेल तरच ते उघडायची परवानगी असते, आणि हा तसाच प्रसंग आहे. मी इथून उघडते, तू पोहोच.

शहाद्याचा दवाखाना बसस्थानकामागच्या गल्लीत होता. डॉ. करमसिंग पावरा तोरणमाळकडचे, डोंगरातल्या पाड्यावरून शिकून वर आलेले, उंच, मितभाषी. चांदनी धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कुठल्या रुग्णालयातून आलेय, कोणत्या चाचणीचं औषध, कुणाच्या नावचं, कुणाच्या पोटात गेलं, ते न लपवता सांगून टाकलं. हेमकांत तिथेच उभा होता. तो वडिलांकडे वळला.

“आप्पा, तुम्ही माझ्या आईवर प्रयोग केला?”

हिंमतराव भिंतीला टेकले. हेमकांतची बायको रुपा पुढे झाली आणि तिनं नवऱ्याचा हात धरला. डॉक्टरांनी भांडणाला जागाच ठेवली नाही. ते चांदनीला आत घेऊन गेले.

गजराबाई खाटेवर होत्या. दोन्ही डोळे अर्धवट उघडे, पिवळे, आणि नजर कुठेच नाही. डॉक्टरांनी त्यांचे हात समोर उचलून धरले तर पंजे पाखरानं पंख झटकावेत तसे आपोआप खाली पडत होते. त्या पुटपुटत होत्या. चांदनी वाकली तेव्हा तिला एवढंच कळलं, की त्या कुणाला तरी गुरांना पाणी दाखवायला सांगत होत्या.

डॉ. करमसिंग तिला बाजूला घेऊन म्हणाले, की परिस्थिती अशी आहे. यकृतानं रक्त गोठवायचं काम सोडत आणलंय. यांना सुरतला हलवावं लागेल, रुग्णवाहिका मागवलीय, पण रस्ता चार तासांचा आहे. शरीर स्वतःच्याच यकृतावर उठलंय असं रक्तावरून दिसतं, आणि असं असेल तर निघण्यापूर्वी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर फरक पडू शकतो. “पण तुमचं ते औषध पोटात असेल तर स्टेरॉइड चालेल का?”

तेवढ्यात बाईंचा फोन आला. त्यांनी नोंद उघडली होती. हिंमतरावांच्या बाटल्यांत खरंच औषध होतं. आणि कंपनीच्या डॉक्टरांशीही त्या बोलल्या होत्या. या औषधाबरोबर स्टेरॉइड गेलं तर औषध रक्तात कित्येक पटींनी साठतं, निरोगी माणसाच्यासुद्धा. अशा यकृतात तर देऊच नका.

डॉ. करमसिंग थांबले. इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं, ते त्यांनी ताटलीत परत ठेवलं.

बाहेर हिंमतराव ओट्यावर बसले होते. चांदनीनं त्यांना सांगायचं टाळलं असतं, पण त्यांनी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. त्यांनी विचारलं, खरं औषध होतं का? तिनं मान हलवली. हिंमतरावांनी कापलेल्या हातांनी आपलंच डोकं गच्च धरलं आणि पुढे वाकून बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रुपा इतका वेळ दारात उभी होती. चांदनी पाणी प्यायला वळली तशी ती मागोमाग आली. पदर तोंडाशी धरून, नवरा ऐकत नाही ना ते बघून, ती म्हणाली, “ताई, एक सांगू का? आई ती गोयी गियेतच नव्हत्यात.”

चांदनीनं तिला बाजूला घेतलं.

रुपानं सांगितलं ते असं. सुरुवातीचे काही दिवस सासूबाईंनी गोळ्या गिळल्या, पण पोटात ढवळायला लागलं. नको म्हणावं तर आप्पा ऐकणार नाहीत. मग त्या गोळी गालात दाबून ठेवायच्या आणि आप्पांनी पाठ फिरवली की लगेच काढून पुसून ठेवायच्या. “आणि संध्याकायले आप्पाना दूधमा फोडी टाकेत. माले म्हने, गोया त्यासन्या, त्यासलेच जावाले पाहिजेत.” तिला वाटलं होतं, दवाखान्यानंच तसं सांगितलं असेल. आज बाहेर हे सगळं ऐकल्यापासून तिला कळत नव्हतं, बोलावं की नाही.

“मग आक्का दुसरं काही घेत होत्या?”

गुळवेल, रुपा म्हणाली. शेतातल्या कडुनिंबावर मोठा वेल आहे. त्याचा काढा त्या आधीपासून अधूनमधून घ्यायच्या. पण चाचणीत आपल्याला घेतलं नाही म्हटल्यावर रोज, दोन्ही वेळा, वाटीभर. आपला रिपोर्ट सुधारला तर आप्पांच्या जिवाला बरं वाटेल, म्हणायच्या.

चांदनीनं तिला तशीच डॉक्टरांसमोर नेली. गुळवेल म्हटल्यावर डॉ. करमसिंगांनी झटकन वर बघितलं. या काढ्यानं काही जणांचं शरीर आपल्याच यकृतावर उठतं, सगळ्यांचं नाही, पण असे रुग्ण त्यांनी याआधीही बघितले होते. सगळं जुळत होतं. पण हेमकांत मध्येच म्हणाला, की रुपाला काय कळतं, आप्पा म्हणतात रोज समोर गिळायची. हिंमतरावही उठून आले आणि शपथेवर सांगायला लागले, की मी डोळ्यांनी बघितलंय. एकाचं धरावं तर इंजेक्शन द्यायला हवं, दुसऱ्याचं धरावं तर तेच इंजेक्शन जीव घेणार. रुग्णवाहिका दाराशी येऊन उभी होती, आणि गजराबाई आता हाकेलाही ओ देत नव्हत्या.

चांदनीनं पुन्हा बाईंना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. रक्तातलं औषध मोजता येईल का, डॉ. करमसिंगांनी विचारलं. ते नमुने परदेशात जातात, आठवडे लागतात, बाई म्हणाल्या. मग त्या थांबल्या. कागद चाळल्याचा आवाज आला. एक गोष्ट आहे, म्हणाल्या. हे औषध पोटात असलं की रक्तातलं युरिक अ‍ॅसिड, ज्यानं सांधे सुजतात ते, घसरतं. फार घसरतं. कंपनीच्या माहितीत तसं लिहिलंय. ते तर कुठेही तपासता येतं.

चांदनीनं हिंमतरावांकडे वळून बघितलं. पहिल्या भेटीत हा माणूस पायाच्या अंगठ्याच्या दुखण्यानं लंगडत आला होता. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून सरळ चालत होता, आणि डाळ कमी केल्यानं अंगठा बरा झाला म्हणून सगळ्यांना सांगत होता.

डॉ. करमसिंगांनी दोघांचं रक्त काढून समोरच्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिलं. हिंमतरावांनी आपला हात पुढे केला तेव्हा ते का, हे त्यांना नीट कळलेलं नव्हतं. सगळे ओट्यावर येऊन थांबले. पलीकडे बसस्थानकात सुटायला आलेली शहादा-धुळे गाडी घरघरत होती, आणि कंडक्टर माणसं भरत होता. हेमकांत येरझाऱ्या घालत होता. रुपा खांबाला धरून उभी होती. आपण खोटं ठरलो तर या घरात पुढे काय होईल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांदनीला वाटलं, आपण इथे येऊन सगळ्यांना अडवून तर धरलं नाही ना? आपण आलोच नसतो तर डॉक्टरांनी केव्हाच इंजेक्शन दिलं असतं. ते चुकलं असतं की बरोबर ठरलं असतं?

डॉ. करमसिंग रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आले. गजराबाईंचं युरिक अ‍ॅसिड वरच्या बाजूला होतं. हिंमतरावांचं इतकं खाली, की प्रयोगशाळेवाल्यानं यंत्र बिघडलं म्हणून दोनदा तपासलं होतं.

“औषध यांच्या पोटात आहे,” डॉक्टर हिंमतरावांकडे बोट करून म्हणाले, आणि न थांबता आत गेले.

इंजेक्शन दिलं. गजराबाईंना रुग्णवाहिकेत चढवलं. हेमकांत आणि रुपा सोबत बसले. हिंमतरावही चढायला लागले तेव्हा हेमकांतनं दार धरून ठेवलं होतं. त्यानं वडिलांकडे बघितलं, मग हात काढला आणि त्यांना आत घेतलं. पण त्यांच्याशी तो बोलला नाही, सुरत येईपर्यंत बोलला नाही, असं रुपानं नंतर सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. चांदनी रोज फोन करायची, आणि रोज रुपा सांगायची की आहे तसंच आहे. एकदा रक्ताची उलटी झाली. एकदा डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं, आणि सावळपिंप्रीची माणसं दोन जीपा करून सुरतला जाऊन आली. मग एका सकाळी गजराबाईंनी डोळे उघडून रुपाला नावानं हाक मारली आणि चहा मागितला. कावीळ उतरायला मात्र बरेच दिवस लागले.

नंदुरबारमधली चाचणी चौकशी होईपर्यंत थांबवली गेली. चारुलताबाईंनी सगळं स्वतःच्या सहीनं कळवलं, काहीही न गाळता. नवीन माणसं घ्यायची नाहीत, आणि हिंमतरावांच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत, असं वरून ठरलं. त्यांच्या यकृताची सूज यंत्रावर निम्म्याच्या आसपास उतरलेली दिसत होती. खरं औषध, पण दुधात फोडून, कधी पूर्ण, कधी अर्धं सांडलेलं. असल्या आकड्याला शास्त्रात जागा नसते, बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. जिनेशभाई चांदनीशी बोलायचे बंद झाले. नोकरी गेली नाही. बाईंनी ती जाऊ दिली नाही. पण आत्याच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण खांडबाऱ्याला आलं त्यावर चांदनीचं नाव नव्हतं. उमेदमलजींनी ती पत्रिका वाचली, घडी घातली आणि लग्नाला जायचं नाही एवढं सांगून दुकानात जाऊन बसले.

उन्हं तापायला लागली तेव्हा चांदनी सावळपिंप्रीला गेली. गजराबाई ओट्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झालेल्या, पण नजर जागेवर. कडुनिंबावरचा वेल हेमकांतनं मुळापासून उपटून टाकला होता. हिंमतरावांचा अंगठा पुन्हा सुजला होता, आणि ते घरातल्या घरात काठी घेऊन फिरत होते. नवरा-बायकोत या गोष्टीवरून बोलणं झालं होतं की नाही, ते चांदनीला कळलं नाही. पण हिंमतराव जेवायला बसले तेव्हा गजराबाईंनी त्यांच्या ताटाकडे सारखं लक्ष ठेवलं होतं, आणि तेही दर घासाला बायकोकडे बघत होते. मुलगा त्यांच्याशी आता कामापुरतं बोलत होता.

चांदनी निघाली तेव्हा गजराबाईंनी तिचा हात धरून ठेवला. त्यांनी विचारलं ते औषधाबद्दलच. ते चांगलं निघालं का? निघेल असं वाटतंय, चांदनी म्हणाली, दुसऱ्या गावांत चाचणी चालू आहे, अजून काही वर्षं लागतील.

“मंग मन्हासारखीले कधी लेतीन?”

चांदनीला खोटं सांगता आलं असतं. नक्की नाही, तिनं सांगितलं. निबर यकृतवाल्यांसाठी वेगळी चाचणी करावी, अगदी थोड्या औषधानं, असं बाईंनी कंपनीला लिहिलंय, पण अजून उत्तर आलेलं नाही.

गजराबाईंनी मान हलवली. विचारत राहा, म्हणाल्या. मग रुपाला हाक मारून चटणीची पुडी आणायला सांगितली, आणि लसणाच्या खलबत्त्यात तर कुटली नाहीस ना, असं तिला दोनदा विचारलं.